ओठ कुणाचे, आवाज कुणाचा

१९९७ ते २००० या तीन वर्षांत मी रोज संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळात नाशिकच्या सिडको भागातल्या एका केबल ऑपरेटरच्या कंट्रोल रूममध्ये बसत असे. ती खोली एका तीन मजली घराच्या गच्चीवर होती. बाहेर बारा फुटी डिश होत्या. त्यांतली सर्वांत जुनी आग्नेयेकडे, म्हणजे नाशिकरोडच्या अंगाला, तोंड करून उभी होती आणि तिच्या पाठीमागे पांडवलेण्यांचा डोंगर दिसे. आत लोखंडी मांडणीवर रिसीव्हर आणि मॉड्युलेटर एकावर एक रचलेले होते, आणि समोरच्या भिंतीला लागून चौदा इंची टीव्हींच्या दोन रांगा होत्या. कुठल्या वाहिनीवर मुंग्या आल्या, कुठली निळी पडली, हे पाहायचे, सिग्नल कमी-जास्त करायचा आणि तक्रारींचे फोन घेऊन वहीत लिहायचे, एवढे माझे काम होते. मालकांना सगळे अण्णा म्हणत. इतके टीव्ही एकाच वेळी बोलू लागले तर माणूस दहा मिनिटांत बधिर होईल, म्हणून सगळ्यांचे आवाज बंद ठेवायचे, हा त्यांचा पहिला नियम होता.

त्या मुक्या पडद्यांपैकी दोहोंवर दिवसरात्र गाणी चालत. एक चॅनल व्ही आणि दुसरी एमटीव्ही. गाणे ऐकू येत नसताना गाणे पाहण्याची सवय मला तिथे लागली आणि काही महिन्यांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. काही गाण्यांत पडद्यावरचा माणूस नुसता ओठ हलवताना दिसे. गळ्याची शीर ताणली जात नसे, श्वासासाठी छाती वर येत नसे, आणि जिथे स्वर वर चढला असणार तिथे तो मान वळवून डोंगराकडे पाहत असे. काही गाण्यांत मात्र आवाज बंद असूनही माणूस गातो आहे हे कळे. चित्रीकरणाच्या वेळी तोही ध्वनिफितीबरहुकूम ओठच हलवत असणार, परंतु ते गाणे त्याने स्वतः गायलेले असल्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे त्याच्या शरीराला ठाऊक असे. १९९८ मध्ये शंकर महादेवन यांचे 'ब्रेथलेस' आले तेव्हा मी ते कित्येक दिवस आवाजाशिवाय पाहिले होते. जावेद अख्तरांचे ते शब्द एका दमात म्हटल्यासारखे रचलेले आहेत, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते. पण ओठ मिटतच नाहीत, हे पाहून मी खुर्चीतून उठलो आणि अण्णांचा नियम मोडून आवाज वाढवला.

संगीत वाहिन्यांचा इतिहास सांगताना गाण्याला चित्र मिळाले असे म्हटले जाते. अमेरिकेपुरते आणि युरोपापुरते ते खरे असेल. आपल्याकडे गाण्याला चित्र पन्नास-साठ वर्षे आधीपासून होते. आपल्याकडे नव्हता तो गाणाऱ्याचा चेहरा, आणि माझ्या मते या वाहिन्यांनी आपल्याला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. ती फार थोडी वर्षे टिकली, म्हणून तिच्याविषयी लिहावेसे वाटते.

नाशिककरांना ही गोष्ट सुरुवातीपासून सांगता येते, कारण भारतीय चित्रपटाचा आरंभ ज्यांनी केला ते दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवला गेला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला सगळा कारभार नाशिकला आणला. आज ज्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तो डोंगर आमच्या गच्चीवरून रोज दिसत असे. फाळक्यांच्या चित्रपटांतली माणसे ओठ हलवत, पण आवाज नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला तेव्हा आवाज आला आणि त्याच्यासोबत सात गाणी आली. त्यांतले पहिले गाणे फकिराचे काम करणाऱ्या वझीर मोहम्मद खान यांनी स्वतः गायले होते, म्हणजे आपल्या चित्रपटातल्या पहिल्या गाण्यात ओठ आणि आवाज एकाच माणसाचे होते. चारच वर्षांनी, १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत आणली. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि नंतर नटाने त्यावर ओठ हलवायचे, ही सोय इतकी मोठी होती की तिने पुढची सगळी वर्षे व्यापून टाकली. आपल्या देशातल्या सर्वांत लाडक्या आवाजांना पडद्यावर चेहरा नव्हता. आवाज एकीकडे, देह दुसरीकडे, ही फारकत आपल्याला इतकी अंगवळणी पडली की तिच्यात काही वेगळे आहे, असेसुद्धा वाटेनासे झाले.

मराठीत आणखी एक प्रवाह होता. भावगीत हे चित्रपटाबाहेरचे गाणे, रेडिओवर आणि तबकडीवर वाढलेले. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभरात छप्पन गाणी झाली आणि घराघरांत ती केवळ कानांनी ऐकली गेली. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, याच परंपरेतले. सातपूरच्या एका कारखान्यात ते पाळीने कामाला होते. दुसरी पाळी असली की मध्यरात्री घरी येत आणि पहिली पाळी असली की पहाटे रेडिओ लावून दाढी करत. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून होते, त्यावर 'छायागीत' होते, 'शब्दांच्या पलिकडले' सारखा सुगम संगीताचा उत्तम कार्यक्रम होता. पण आमच्याकडे टीव्ही आला तोवर बराच उशीर झाला होता आणि आल्यावरही नानांच्या पाळ्यांमुळे संध्याकाळचे कार्यक्रम त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. मी केबलच्या कामाला लागलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "गाणं बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं रे?" त्या वयात मला उत्तर देता आले नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न वेगळ्या दिशेने आला. तिथे गायक हाच गाण्याचा चेहरा होता. अडचण एवढीच होती की तो एका वेळी एकाच गावात असू शकतो. त्यामुळे त्याचे चित्र पाठवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. अमेरिकेत १९४० च्या दशकात उपाहारगृहांमध्ये नाणे टाकून तीन-तीन मिनिटांचे गाण्याचे चित्रपट पाहण्याची यंत्रे होती. १९६० मध्ये फ्रान्समध्ये स्कोपिटोन नावाचे रंगीत यंत्र निघाले. १९६५ च्या अखेरीस बीटल्सनी, प्रत्येक देशाच्या स्टुडिओत हजेरी लावणे अशक्य झाल्यामुळे, आपल्या गाण्यांचे छोटे चित्रपट करून पाठवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये क्वीन या वाद्यवृंदाने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची चित्रफीत केली तीही बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात लावता यावी म्हणून. मग मंकीज या वाद्यवृंदातल्या मायकेल नेस्मिथने १९८० च्या सुमारास अशा चित्रफितींचा एक सलग कार्यक्रम अमेरिकेच्या केबलवर आणला. रेडिओवर निवेदक एकामागून एक तबकड्या लावतो, त्याच रीतीने टीव्हीवर चित्रफिती लावायच्या, ही कल्पना तिथे पक्की झाली.

१ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने एमटीव्ही सुरू झाली. आधी चंद्रावर उतरलेल्या माणसाची दृश्ये, मग पहिली चित्रफीत: द बगल्स यांची 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', म्हणजे टीव्हीने रेडिओच्या गायकाचा जीव घेतला असे सांगणारे गाणे. वाहिनी न्यूयॉर्कमधून चालवली जात होती, पण मॅनहॅटनच्या केबलवर ती नव्हती. म्हणून वाहिनीच्याच लोकांना तो पहिला क्षण पाहण्यासाठी नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात जावे लागले. ही हकिकत मी पुष्कळ नंतर वाचली आणि मला त्या लोकांविषयी आपुलकी वाटली, कारण केबलची तार जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच जग असते, हे मी जवळून पाहिले होते. आमची तार पवननगरपर्यंत होती, त्यापुढे दुसऱ्या ऑपरेटरची हद्द.

त्या वाहिनीचा व्यवहार समजून घेण्याजोगा आहे. चित्रफिती रेकॉर्ड कंपन्या स्वतःच्या खर्चाने करत आणि वाहिनीला फुकट देत, कारण त्या तबकड्यांच्या जाहिराती होत्या. वाहिनी त्या जाहिरातींच्या मध्ये दुसऱ्या जाहिराती लावून पैसे मिळवत असे. अडचण एकच होती: केबल ऑपरेटर तिला घ्यायला तयार नव्हते. तेव्हा १९८२ मध्ये मिक जॅगरसारख्या मोठ्या गायकांना कॅमेऱ्यासमोर उभे करून 'मला माझी एमटीव्ही हवी' असे म्हणायला लावले गेले आणि प्रेक्षकांना सांगितले गेले की आपल्या केबल ऑपरेटरला फोन करा. गावोगावच्या कंट्रोल रूममधले फोन वाजू लागले. आमच्या खोलीतला काळा फोन आठवला की मला त्या अमेरिकन खोल्यांमध्ये बसलेली, वहीत तक्रारी लिहिणारी, माझ्या वयाची मुले दिसतात.

वाहिनीकडे सुरुवातीला चित्रफिती फारच थोड्या होत्या आणि ज्या होत्या त्यांत ब्रिटिशांचा भरणा होता, कारण अशा फिती करण्याची सवय तिकडे आधीपासून होती. त्यामुळे अमेरिकेच्या आडगावांत ब्रिटिश वाद्यवृंद एकाएकी लोकप्रिय झाले. ड्युरान ड्युरान यांनी तर आपली 'हंग्री लाइक द वुल्फ' ही चित्रफीत श्रीलंकेत जाऊन केली. ज्याचा चेहरा दाखवता येतो तो पुढे जातो, हे एका वर्षात सगळ्यांना कळले. त्यातूनच या कथेतला सर्वांत लाजिरवाणा भाग येतो. पहिली दीड-दोन वर्षे एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलाकार जवळजवळ दिसत नव्हते. आम्ही रॉक संगीत लावतो, असे वाहिनीचे म्हणणे होते. १९८३ च्या आरंभी डेव्हिड बोवी यांनी मुलाखतीच्या मधोमध वाहिनीच्याच निवेदकाला विचारले की तुमच्याकडे काळे कलाकार इतके कमी का दिसतात. निवेदकाने लहान गावांतल्या प्रेक्षकांचे कारण पुढे केले आणि बोवी शांतपणे पण ठामपणे तोच प्रश्न विचारत राहिले. त्या वसंतात मायकेल जॅक्सन यांचे 'बिली जीन' लागू लागले आणि डिसेंबरमध्ये जवळपास चौदा मिनिटांची 'थ्रिलर' आली. तिचा खर्च इतका होता की तो भागवण्यासाठी ती कशी बनली याचा वेगळा माहितीपट वाहिन्यांना विकावा लागला. त्या एका वर्षात दार उघडले, परंतु ते बंद होते ही गोष्ट विसरली जाऊ नये. रेडिओवर रंग दिसत नाही. गाण्याला चेहरा देणारे माध्यम कोणता चेहरा द्यायचा हेही ठरवते, आणि त्याची झळ आपणा मराठी माणसांना पुढे वेगळ्या प्रकारे लागली.

भारतात ही वाहिनी आली ती १९९१ मध्ये, हाँगकाँगच्या स्टार टीव्हीच्या पुडक्यातून. गल्लीतल्या कुणीतरी गच्चीवर डिश लावायची, तिथून घराघरांत तार टाकायची आणि महिन्याला पैसे गोळा करायचे, अशा रीतीने आमच्या भागात केबल पसरली. १९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टार यांची फारकत झाली. एमटीव्हीच्या जागी स्टारने स्वतःची चॅनल व्ही आणली आणि दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, एमटीव्ही स्वतंत्रपणे भारतात परत आली. या दोघींच्या चढाओढीत दोघींनाही उमगले की इंग्रजी गाण्यांवर इथले घर चालत नाही. हिंदी गाणी हवीत. पण चित्रपटाची गाणी तर दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये आणि 'रंगोली'त होतीच, 'सुपरहिट मुकाबला'ने त्यांची क्रमवारीसुद्धा लावली होती. मग नवे काय दाखवायचे?

या पोकळीतून ज्याला आपण इंडीपॉप म्हणतो ते उगवले. कॅसेट स्वस्त होती, कॅसेट कंपन्यांकडे पैसा होता, वाहिन्यांकडे रिकामा वेळ होता, आणि चित्रपटात जागा न मिळालेले किंवा मिळूनही चेहरा न मिळालेले गायक होते. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' आले, त्याच सुमारास दलेर मेहंदी आले, १९९६ मध्ये हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे 'कलोनियल कझिन्स' आणि इजिप्तच्या पिरॅमिडांसमोर 'ओ सनम' गाणारे लकी अली आले. हरिहरन यांचा आवाज आम्ही कितीतरी नटांच्या ओठांवर पाहिला होता. आता लांब केसांचा एक माणूस डोळे मिटून आलाप घेताना दिसू लागला. प्रत्येक चित्रफितीच्या आरंभी आणि शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात चार ओळी येत: गायक, गाणे, अल्बम, कंपनी. सर्वांत वर गायकाचे नाव असे. चित्रपटाच्या गाण्याला आपण 'अमक्या हिरोचे गाणे' म्हणत आलो होतो. माझ्यासोबत तारा जोडायला येणारा मुलगा, ज्याचा संगीताशी काही संबंध नव्हता, तो एकदा खांबावरून उतरून मला म्हणाला, "त्या शुभाताईंचं 'अब के सावन' लागलं का रे आज?" शुभा मुद्गल या ख्याल गायिका आहेत. सिडकोतल्या खांबावर चढलेल्या मुलाने एका ख्याल गायिकेला 'ताई' म्हणावे, तेही पावसात नाचणाऱ्या गर्दीच्या मधोमध त्यांना गाताना पाहून, हे त्याआधी कधी घडले नसते असे मला मनापासून वाटते.

नाशिकच्या मेन रोडवर कॅसेटची दुकाने होती. तिथे लोक येऊन गाण्याची चाल गुणगुणून दाखवत आणि कॅसेट मागत, ही जुनी रीत होती. त्या वर्षांत मी नवी रीत पाहिली: ग्राहक गायकाचे वर्णन करू लागले. "दाढीवाला, समुद्राकाठी असतो तो." दुकानदाराला ते पुरे होई.

या सगळ्यात मराठी गाणे मात्र कुठेच नव्हते. आमच्या दोन्ही मुक्या पडद्यांवर तीन वर्षांत मी मराठी गाणे पाहिल्याचे मला आठवत नाही. पंजाबी होते, तमिळमधून हिंदीत आलेले होते, इंग्रजी होते. ज्या भाषेत चित्रपटाबाहेरच्या गाण्याची इतकी समृद्ध परंपरा होती, त्या भाषेला या नव्या माध्यमाचा सर्वांत आधी उपयोग व्हायला हवा होता, पण भावगीताचे कॅसेट ज्या संख्येने विकले जात त्यात चित्रफितीचा खर्च निघत नव्हता, आणि वाहिन्यांचे जाहिरातदार महाराष्ट्रातला प्रेक्षक हिंदीतच मोजत होते. आपण हिंदी समजतो, याची किंमत आपल्या गाण्याने मोजली. मला ते तेव्हाही सलत होते.

म्हणून १९९९ च्या दिवाळीपूर्वी मी अण्णांकडे एक मागणी केली. प्रत्येक ऑपरेटरप्रमाणे आमचीही एक स्थानिक वाहिनी होती. तिच्यावर रात्री चित्रपट लागे आणि खाली साड्यांच्या सेलची, वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी सरकत असे. तिच्यावर रोज अर्धा तास मराठी भावगीते लावू द्या, असे मी म्हटले. अण्णा म्हणाले, "लाव की. पण दाखवशील काय?" गाणी नानांच्या कॅसेटींमध्ये होती, चित्र कुठेच नव्हते. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा कॅमेरा घेऊन आम्ही दोन रविवार हिंडलो. रामकुंड, गोदाघाटावरची पहाट, गंगापूर धरणाचे पाणी, सोमेश्वरचा धबधबा, द्राक्षांच्या बागा. ही दृश्ये आम्ही गाण्यांवर जोडली. कुणाच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाकडे आहेत, हे विचारायला हवे होते. ते आम्ही विचारले नाही आणि आज त्याचे वाईट वाटते. कार्यक्रम अकरा दिवस चालला. फोन आले, पण बहुतेक जण विचारत की घाटावरचे ते दृश्य पुन्हा कधी लागणार, कारण त्यात त्यांच्या ओळखीचा फुलवाला दिसतो. एका आजींनी मात्र विचारले, "बाळा, ती गाणारी बाई दाखव ना. नदी आम्ही रोजच बघतो." मला त्या आजींचा आवाज अजून आठवतो. त्यांना जे हवे होते ते माझ्याजवळ नव्हते.

घरी नानांनी तो कार्यक्रम टीव्हीकडे पाठ करून ऐकला. "गाणं चांगलं लागतंय," एवढेच म्हणाले.

या वाहिन्या पुढे गाण्यांपासून दूर का गेल्या, याची कारणे अनेक जण सांगतात. यूट्यूब २००५ मध्ये आले, हे खरे कारण मानले जाते. पण गळती त्याआधीची आहे. एमटीव्हीने अमेरिकेत १९९२ मध्येच 'द रिअल वर्ल्ड' सुरू करून अनोळखी तरुणांना एका घरात ठेवून दाखवायला सुरुवात केली होती आणि आपल्याकडे २००३ मध्ये 'रोडीज' आले. माझ्यापुरते उत्तर मला आमच्या तक्रारवहीत सापडले होते. चॅनल व्ही अर्धा तास बंद पडली तरी फोन येत नसे. लोक पुढच्या आकड्यावर जात. मालिका बंद पडली तर दोन मिनिटांत सात-आठ फोन. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, त्या आठवड्यात आमच्या एका ॲम्प्लिफायरमध्ये पाणी गेले आणि माणसे जिना चढून गच्चीवर आली. गाणे तीन-चार मिनिटांत संपते आणि त्या प्रत्येक शेवटाला प्रेक्षक उठून जाऊ शकतो. कथा त्याला अर्धा तास धरून ठेवते. जाहिरातदार धरून ठेवलेल्या माणसाचे पैसे देतो. या हिशेबापुढे गाणे टिकणे अवघड होते, आणि जे टिकले ते नव्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी पाठवलेले गाणे होते. कॅसेट कंपन्या मोडकळीला आल्यावर गायकाच्या चेहऱ्यावर खर्च करणारे कुणी उरले नाही. ओठ पुन्हा नटाकडे गेले.

मराठीसाठी स्वतंत्र संगीत वाहिनी, नाइन एक्स झकास, २०११ मध्ये आली. मला आनंद झाला, पण तोवर हिंदीतला तो मोकळा काळ सरला होता आणि तिच्यावरही मुख्यतः चित्रपटांचीच गाणी लागली. चॅनल व्हीने २०१२ मध्ये भारतात संगीत थांबवले आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. मार्च २०१३ पर्यंत ज्या शहरांची केबल डिजिटल करायची होती त्यांत नाशिकही होते. घरोघरी डबे बसले, सिग्नल मोठ्या कंपनीकडून तयार होऊन येऊ लागला आणि अण्णांच्या गच्चीवरची खोली रिकामी झाली. २०२५ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या पाच संगीत वाहिन्या बंद झाल्या. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा ती पत्र्याची खोली आठवली.

एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते, कारण ती नाशिकची आहे. आमच्या शहराच्या नावाचा एक ढोल आहे. गणपतीत आणि वरातीत तो वाजतो, हे सर्वांना माहीत आहे. पण थेट केरळातल्या उत्सवांमध्ये आणि निवडणुकीच्या मिरवणुकांमध्येही 'नाशिक ढोल' याच नावाने तो वाजतो. कुठल्याही वाहिनीने त्याला तिथवर नेले नाही आणि तो पहिल्यांदा वाजवणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा तिथे कुणाला ठाऊक नसेल. आवाज चेहऱ्याशिवाय दूर जातो, हे नानांचे म्हणणे मी कधीच खोडून काढू शकलो नाही.

नाना निवृत्तीनंतर बराच काळ अंथरुणाला खिळून होते. २०१७ मध्ये, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर, मी त्यांना मोबाइलवर जुनी गाणी लावून देऊ लागलो. एकदा दूरदर्शनचे एक जुने कृष्णधवल ध्वनिचित्रमुद्रण सापडले. गादीवर बसलेली गायिका, शेजारी तबला आणि पेटी, मागे साधा पडदा. नानांनी त्या बाईंचा आवाज पन्नासएक वर्षे ऐकला होता आणि त्यांना गाताना कधी पाहिले नव्हते. मी मोबाइल त्यांच्या समोर धरला. त्यांनी थोडा वेळ पाहिले, मग हाताने तो आडवा केला, पडद्याची बाजू छातीवर टेकवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटले, त्यांना ते नकोच आहे.

गाणे संपल्यावर त्यांनी मोबाइल मला परत दिला आणि म्हणाले, "दुसरं कडवं पुन्हा लाव. आणि धर माझ्यासमोर."

मी लावले. कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर त्या बाईंनी तबलजीकडे पाहिले आणि किंचित हसल्या. स्वर त्या हसण्यासकट समेवर आला.

"बघ," नाना म्हणाले, "इथं ती हसते असं मी तुझ्या आईला सांगायचो. ती म्हणायची, रेडिओवर कुणी हसताना दिसतं का?" त्यांनी पुन्हा ती ओळ लावायला सांगितली. त्या दुपारी ती आम्ही चार वेळा पाहिली.